एक मडकं घरी राहिलं

जवाहरनगरच्या सभागृहात भैय्यालाल शेठ एका रांजणाला खेटून, बाजू दाखवून उभे होते. जास्त फुगलेलं कोण, याचा निकाल काही लागत नव्हता. रांजणापुढे कार्ड होतं : 'रांजण. प्रेरणा : भैय्यालाल शेठ, बसलेले.'

चूक तशी कोणाचीच नव्हती. प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंनी सानगडीच्या रुखमा कुंभारणीला विचारलं होतं, हे सगळं तुम्हाला सुचतं कुठून? रुखमानं जे होतं ते सांगितलं. बाईंनी ते सुंदर अक्षरात लिहून प्रत्येक भांड्यापुढे लावलं. बातमी गावात पोचली आणि त्र्याऐंशीच्या एप्रिलमधल्या त्या रविवारी अर्धी सानगडी एसटी धरून स्वतःला पाहायला आली.

'सुरई. प्रेरणा : टेकचंद गुरुजी, दुसऱ्याचा पेपर वाचताना.' मान लांब होती आणि जराशी वाकडी. पाहुणे मानेची तारीफ करत होते, आणि गुरुजी दर वेळी "आभारी आहे" म्हणत होते.

'झारी. प्रेरणा : कुंताबाई, विहिरीवर.'

"माहा हात असा कवा रायते वो?" कुंताबाईनं विचारलं. एक हात कमरेवर होता, दुसरा तोटीसारखा पुढे.

रुखमाचा नवरा धनीराम जीव मुठीत धरून रांगेनं कार्डं वाचत निघाला होता. तळ्यातली माती तो आणायचा, तोच तुडवायचा. म्हणजे आपण इथं कुठंतरी असणारच. काय म्हणून असू, एवढाच प्रश्न होता. गावात तो रडका म्हणून प्रसिद्ध. कोणाचीही पोरगी सासरी निघाली की मांडवात पहिला हुंदका त्याचा. मग नवरीचा बाप स्वतःचं रडणं बाजूला ठेवून त्याची समजूत काढी. त्यामुळे त्यानं सकाळी दाढी केली होती आणि जे असेल ते सोसायचं ठरवलं होतं.

एक रांग संपली. दुसरी संपली. डाकवाल्याची शेळी होती. शेळीचं पिल्लूही होतं. नवरा नव्हता.

कोपऱ्यात एक राखदाणी दिसली. तासाभरापूर्वी त्याला अपमान वाटला असता. आता तो आशेनं वाकला. 'राखदाणी. प्रेरणा : कोणी नाही. माती उरली होती.'

रुखमा लोखंडी खुर्चीच्या काठावर टेकली होती, जणू खुर्चीही भाजायची राहिली आहे.

"माहा कुठी हाये?" धनीरामनं विचारलं.

"काय?"

"सबन गाव हाये. शेळी हाये. मी कुठी हावो?"

"तुमचा घरी हाये."

"घरी? घरी कोनता?"

"पान्याचा मडका."

लग्नानंतरच्या पहिल्या भट्टीतलं ते मडकं. एका अंगाला कललेलं, बारा महिने पाझरणारं. खालची जमीन कायम ओली. कुंभाराच्या घरात गळकं मडकं, लोक काय म्हणतील, म्हणून धनीराम त्याला रोज शिव्या द्यायचा. चार दिवसांपूर्वी भांडी न्यायला जीप आली, तेव्हा ब्याद टळेल म्हणून त्यानं तेही हळूच पेंढ्यात खुपसलं होतं. रुखमानं एक शब्द न बोलता ते उतरवून परत जागेवर ठेवलं होतं.

"तो तं गळते," तो म्हणाला.

"गळत नाही, पाझरते. न पाझरता पानी थंड होते का?"

"मंग इथी काहून नाही आनू देल्ला?"

रुखमानं पदर सारखा केला. "कोनी मांगला असता तं?"

धनीरामनं वर पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता, तरी तो बराच वेळ पाहत राहिला. उपयोग झाला नाही.

"झालं याचं सुरू," भैय्यालाल शेठ रांजणापासून न हलता म्हणाले.

निघताना धनीरामनं बाईंकडून एक कोरं कार्ड मागून घेतलं. एसटीची वाट पाहताना टेकचंद गुरुजींकडून त्यावर लिहून घेतलं : 'मडकं. प्रेरणा : धनीराम.' गुरुजींनी विचारलं, "रडताना, असं लिहू काय?" तो नको म्हणाला. घरी पोचल्या पोचल्या त्यानं ते कार्ड मडक्याच्या ओल्या पोटावर थापलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शाई ओघळून खाली जमिनीत जिरली होती. कार्ड पार कोरं झालं होतं. निघत मात्र नव्हतं.