मोटारसायकलचं पथ्यपाणी

टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता, तरी धर्मपाल झाकण उघडून आत डोळा लावून बसला होता. बादली विहिरीत पडली तरी माणूस इतका वेळ वाकून पाहत नाही.

देवमननं विचारलं, काय दिसून राहिलं साहेब? धर्मपाल म्हणाला, गंज. म्हणजे चढला नाही अजून, पण चढायला कितीसा वेळ लागतो!

धर्मपाल बांधकाम खात्यात ओव्हरसियर. चौसष्ट सालच्या जूनमध्ये त्याची अकोटहून अकोल्याला बदली झाली. तिथे चार महिने कचेरीत बसून काम, आणि राहायची खोली माडीवर. मोटारसायकल काय डोक्यावर घेऊन जिना चढणार? ती पावसाळाभर ठेवायला त्यानं अकोटात पडवी शोधली, ती देवमनची. दुसरी पाहिलीसुद्धा नाही. कारण उघड होतं. देवमनची मुलगी शालू, प्राथमिक शाळेत शिकवायची ती, त्याच घरात राहत होती.

पहिल्या दिवशी त्यानं गाडीची व्यवस्था मात्र झकास लावली. पेट्रोल काढलं, टाकीला आतून तेल फिरवलं. प्लगच्या भोकातून दोन चमचे तेल इंजिनात सोडून किक हळूहळू दाबली. साखळीला ग्रीस चोपडलं. उंदरांनी घर करू नये म्हणून सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबला. दोन्ही चाकं जमिनीपासून उचलून चौकटीखाली लाकडी ठोकळे दिले आणि वर ताडपत्री टाकली. काम संपलं होतं. पण हा गडी जाता जाता म्हणाला, मशीन नाजूक आहे, दर रविवारी येऊन पाहावं लागेल.

झालं! दर रविवारी दहाच्या एसटीनं स्वारी हजर. आधी तो चाकं अर्धा फेरा फिरवायचा, टायर एका जागी चपटं होऊ नये म्हणून. टायर हवेत लटकत होतं, ही गोष्ट वेगळी. मग हँडल डावीकडे, उजवीकडे. मग प्लग काढून पुसायचा आणि होता तिथेच बसवायचा. भादव्यात कामं संपली, तेव्हा त्यानं तासभर भोंगा पुसला. देवमनची बायको केशरबाई आधी नुसता चहा द्यायची, पुढे पोहे आले, पुढे पानच वाढलं जाऊ लागलं. शालू चिंधी आणून द्यायची आणि चेहरा अगदी गंभीर ठेवून विचारायची, आज ताप तर नाही ना गाडीला? हाही तितक्याच गंभीरपणे नाही म्हणायचा. परतीच्या एसटीत मग कपाळावर हात मारून घ्यायचा.

बोलणार कसा? मुलाकडच्या वडीलधाऱ्यानं यावं, सतरंजीवर बसावं, शब्द टाकावा, ही रीत. धर्मपालचे आईबाप लहानपणीच गेले, तो वाढला वसतिगृहात. आपली सोयरीक आपणच मागायची म्हणजे निलाजरेपणाची हद्द झाली. शालूवर जीव जडला होता आणि तो जीव बिचारा भोंगा पुसण्यात चालला होता.

आज देवमननं डब्यातून पेट्रोल आणून ठेवलं होतं. पाऊस सरला, वाटा वाळल्या, आठ दिवसांत कापसाची जिनिंग फॅक्टरी सुरू होणार. देवमन तिथे फिटर, त्याला आता रविवार मिळणार नव्हता. तो म्हणाला, साहेब, आजच घेऊन जा गाडी.

धर्मपालचं तोंड उतरलं. त्यानं ठोकळे काढले, बोळा काढला, पेट्रोल भरलं, सगळं सावकाश. दुसऱ्याच किकला गाडी धडधडली. इतका दगाबाज आवाज त्यानं जन्मात ऐकला नव्हता. बेअरिंगचा आवाज बरोबर वाटत नाही, अजून महिनाभर ठेवावी लागेल, असं तो पुटपुटला.

देवमननं हात घालून इंजिन बंद केलं.

"सरकी काढाचे चाळीस रेचे आहेत आमच्या जिनात," तो म्हणाला. "पाऊस लागला का आमी पट्टे उतरवतो, तेल-ग्रीस लावतो, झाकून ठेवतो. दसरा येईस्तोवर कोणी बोट लावत नाही. अन् तू पंधरा रविवार लटकलेलं चाक फिरवून राहिला. काहून?"

साहेब गेलं, तुमी गेलं, थेट तू! धर्मपालचे कान तापले. आता खोटं बोलायला गाडीचा एकही भाग उरला नव्हता.

"मले शालूसाठी बोलाचं होतं, काका. पण माह्याकडून बोलाले कोणीच नाही."

देवमननं शालूला हाक मारली. ती सवयीनं चिंधी घेऊनच आली. बापानं आडपडदा न ठेवता विचारलं, हा माणूस चालते काय तुले?

"चिंध्या फाडून फाडून तुमचं एक धोतर संपलं, बाबा," शालू म्हणाली. "अजून काय सांगू?"

देवमन घरात गेला आणि खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवूनच बाहेर आला. धर्मपालचा हात धरून त्यानं त्याला गल्लीत नेलं. चार पावलं चालून दोघं वळले. मग देवमननं स्वतःच्याच दाराची कडी वाजवली. पिठाचे हात घेऊन केशरबाई दारात आली आणि हे काय नवीन खूळ म्हणून नवऱ्याकडे पाहत राहिली. देवमननं घसा साफ केला. उभ्या जन्मात या बाईला पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे त्यानं अदबीनं हात जोडले.

"जयभीम, बाई. मी पोराकडून आलो. तुमची शालू मागाची होती."