पेटीतला नर

अंदमानातल्या एका बेटावर एका दुर्मीळ जातीच्या झाडाची एकच मादी उरली होती. नर वादळात उन्मळून पडला, तेव्हाच तज्ज्ञांनी ही जात नामशेष धरली होती. झाडं मुळांतून एकमेकांना साद घालतात हे तोवर यंत्रांना ऐकू येऊ लागलं होतं. नराचं उत्तर मिळाल्याशिवाय मादी फुलत नसे. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ हेमांगी जमिनीत पुरलेल्या पेटीतून तिला मेलेल्या नराचं ध्वनिमुद्रित उत्तर ऐकवी, आणि गोठवून ठेवलेले पराग फुलांना लावी. अखेर चार रोपं जगली.

"मॅडम, फुलून फुलून ती पार खंगलीय," वनरक्षक तिर्की म्हणाला. "आता पेटी बंद करा."

हेमांगीने पेटीची तार काढली आणि मुळांचा आवाज टिपणाऱ्या यंत्राचे हेडफोन कानांना लावले. संध्याकाळी मादीने साद घातली. उत्तर नाही. तिने पुन्हा घातली, मग पुन्हा. हेमांगीला ऐकवेना.

"फसवलं गं तुला," ती पुटपुटली.

तेवढ्यात उत्तर आलं. तिने दचकून पाहिलं, तर तार तिच्याच हातात होती.

उत्तर त्या वीतभर रोपांकडून येत होतं. आवाज हुबेहूब बापाचा होता, आणि त्यात पेटीची खरखरही होती.