गुंड्याची ताटली

"आज संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही, तर त्याला परत घेऊन या," शेल्टरच्या बाई फोनवर म्हणाल्या, तेव्हा मी गुंड्याची ताटली तिसऱ्यांदा त्याच्या पुढ्यात सरकवत होते. सात वर्षांचा हा दांडगा कुत्रा दत्तक आणून तीन दिवस झाले होते. दूध-पोळी, अंडं, चिकन, सगळं करून झालं. तो ताटलीपुढे शहाण्यासारखा बसायचा, लाळ गाळायचा आणि आमच्या तोंडाकडे बघत राहायचा.

शेवटी आई त्याच्यासमोर फतकल मारून बसली. तीस वर्षं अंगणवाडीत तिने हट्टी पोरांना जेवायला घातलंय. "आता माझी पद्धत!" तिने हात जोडले, डोळे मिटले आणि जेवणाआधीचा श्लोक खणखणीत म्हटला.

डोळे उघडले, तर ताटली चाटूनपुसून लख्ख!

"खाल्लं! अहो, श्लोक म्हटल्यावर खाल्लं त्याने!" मी फोनवर किंचाळलेच. बाई हसत सुटल्या. "मुलांच्या वसतिगृहात वाढलाय ना तो! ते बंद पडलं, म्हणून आमच्याकडे आला आणि त्याच दिवशी तुम्ही त्याला नेलंत."

"योगायोग," बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले. ते पक्के नास्तिक. घरात त्यांनी साधा देव्हारासुद्धा ठेवू दिलेला नाही.

दुपारी मात्र घरी ते आणि गुंड्या दोघंच असतात. काल मी लवकर आले आणि दाराबाहेरच थबकले. आतून बाबांचा आवाज येत होता, "असा बघू नकोस रे. चुकली दुसरी ओळ. पुन्हा पहिल्यापासून म्हणतो."