देवीचं पितळ

शिरोलीच्या ओतकामाच्या कारखान्यात गावदेवीचा झिजलेला मुखवटा मुशीत वितळत होता. आत देवी आहे म्हणून बाळासो गुरवानं चपला भंगाराच्या ढिगाशी काढल्या होत्या. त्याच पितळाचा नवा मुखवटा ओतू, परकं कणभरही मिसळणार नाही, असा शब्द त्यानं गावाला दिला होता. मालकीण अनुजा मुशीत डोकावली. “काका, पितळ कमी पडतंय.” तिनं भंगारातला पितळी नळ उचलला. “कुणाच्या मोरीतला नळ आमच्या देवीत? डोकं फिरलंय व्हय?” “साचा निवाय लागलाय. अर्ध्या तोंडाची देवी चालंल?” अनुजानं नळ मुशीवर धरला. “पहिली देवी ओतली, तवा पितळ कुठनं आणलं हुतं, काका?”  बाळासोनं नळ हिसकावून स्वतःच मुशीत सोडला. संध्याकाळी मुखवटा अखंड उतरला. बाळासोनं चपलेत पाय घातला, ढिगातल्या बाकीच्या नळांकडं बघून मागं घेतला. तो चपला हातात घेऊन अनवाणीच निघाला.