खांबाची सावली

"या वस्तीला शिस्त म्हणून नाही," साहेबांनी बसस्टॉपच्या फोटोवर बोट ठेवलं. "पाटी इथे आणि रांग तिरकी, भलतीकडेच. यांना छप्पर देऊन काय उपयोग? सगळी छपरं मॉलच्या रस्त्याला टाका."

नवीन रुजू झालेली इंजिनिअर म्हणाली, "सर, फोटो दुपारी तीनचा आहे. रांग विजेच्या खांबाच्या सावलीत लागलीय. सावली सरकते तशी रांगही सरकते."

साहेबांनी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला. एका बारीक काळ्या पट्ट्यात बारा माणसं एकामागे एक उभी होती.

"तुला बरं लगेच दिसलं?"

"त्याच रांगेत आईचा हात धरून लहानाची मोठी झालेय, सर."

पहिलं छप्पर वस्तीच्या स्टॉपवर झालं. पहिल्याच दुपारी सगळी रांग त्याच्याखाली सरळ उभी होती. आई तेवढी रस्त्यापलीकडे, रणरणत्या उन्हात, कपाळावर आडवा हात धरून छपराकडे बघत.

"अगं आई, सावलीत ये ना."

"येते गं," आई म्हणाली. "आतून सगळं दिसत नाही."