बाबांची प्लिमथ

रिगोबेर्तोदादा मायामीला गेला त्याला वीस वर्षं झाली. दर दोन वर्षांनी तो नवी गाडी घ्यायचा आणि तिचा फोटो आम्हाला हवानाला पाठवायचा. आई अंथरुणाला खिळली तेव्हा "एकदा येऊन जा" म्हणून मी त्याच्या किती विनवण्या केल्या. उत्तरात लाल गाडीचा फोटो आला.

आणि आता, आई गेल्यावर, साहेब आले. तेही समुद्रावर मजा करायला.

"ओस्मेल, अजून बाबांचाच डबा हाकतोस? जुन्यात जीव अडकवायचा नसतो रे. बदलायचं आणि पुढे जायचं!" असं म्हणत माझ्या टॅक्सीच्या, म्हणजे बाबांच्या जुन्या प्लिमथ गाडीच्या, मागच्या सीटवर बसून त्याने धाडकन दार ओढलं.

"हळू. घरातल्या फ्रिजचं दार नाहीये ते," मी म्हटलं.

आमच्या टॅक्सीत बसणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की सत्तर वर्षांच्या या गाड्यांना आतून दार उघडायच्या कड्या उरलेल्या नाहीत. सगळ्या दारांना मिळून एकच सुटी कडी, आणि ती ड्रायव्हरच्या खिशात. दादा ते विसरला होता.

मी समुद्राकडे वळलोच नाही. आईच्या कबरीसमोर गाडी लावली, काचेतून तिचं नाव वाचता येईल इतकी जवळ, आणि खाली उतरलो. दादा कडी शोधत दार चाचपायला लागला.

 

"बस, दादा. आई सात महिने दाराकडे डोळे लावून होती. आता तासभर तू लाव."