वीतभर वर

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, असं बजावून काकांनी खुर्ची खोलीच्या मधोमध ओढली. ज्याला निघायचं असेल त्याने आत्ताच निघावं, नंतर हातातली बशी पडली तर भरून देणार नाही, हेही सांगून टाकलं. कुणी निघालं नाही. पुतणीचा निकाल लागला होता, बशीत आइस्क्रीम होतं आणि पाहुण्यांना घाई नव्हती.

पुतणीला घरात सगळे फूटपट्टी म्हणत. दिसेल ते मोजायची तिला लहानपणापासून खोड. दाराची उंची, वडिलांचं पाऊल, मांजराची शेपटी. ती इमारतींचं इंजिनिअरिंग शिकायला गेली तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिने पंख्याशिवाय गार राहणारी वर्गखोली योजली. नुसती कागदावर नव्हे, तर कॉलेजच्या मागच्या मैदानात विटांची, खरोखरची. भर दुपारी ती बाहेरपेक्षा चार अंशांनी गार भरली तर पास, नाहीतर वर्ष पुन्हा.

बांधायला काका. अडतीस वर्षं बांधकामावर मुकादमी केलेला माणूस घरात असताना बाहेरचा गवंडी कशाला, हे त्यांचंच म्हणणं. वहिनींना, म्हणजे पोरीच्या आईला, मात्र ते पटेना. काकांच्या हाताला यश होतं, पण तो हात कुणाचं ऐकत नसे. अडतीस वर्षांत त्यांनी एकही खिडकी नकाशातल्या उंचीवर बसवली नव्हती. लिहिलं असेल त्याच्या वीतभर वर. इंजिनिअर ओरडले, साहेब ओरडले आणि शेवटी दमले. नकाशा काढणारा पंख्याखाली बसतो, त्याला उकाडा काय कळणार, असं काका म्हणत.

"भाऊजी, या वेळी तरी पोरीच्या कागदाप्रमाणे बांधा," वहिनी म्हणाल्या.

काकांनी हातातल्या थापीची शपथ घेतली. एक सूत इकडचं तिकडे होणार नाही म्हणाले. फूटपट्टीने नकाशाची गुंडाळी त्यांच्या हातात दिली.

समोरच्या भिंतीत खाली एक झरोका, मागच्या भिंतीत वर एक. गार वारा खालून आत, तापलेला वरून बाहेर. सगळी मेख वरच्या झरोक्याच्या उंचीत होती. नकाशात लिहिलं होतं, आठ फूट.

भिंत आठ फुटांवर आली त्या दिवशी काकांना अन्न गोड लागेना. कामावरून एरवी पाऊल न हलवणारी फूटपट्टी नेमकी त्याच दुपारी जेवायला घरी गेली, आणि चांगली सावकाश जेवून आली. तोवर काकांनी विटांचे आणखी तीन थर चढवून झरोका वीतभर वर बसवला होता. पोरीने वर एकवार पाहिलं, छान झालंय म्हणाली आणि टेप न काढताच पुढच्या कामाला लागली.

परीक्षेच्या दिवशी मैदान तव्यासारखं तापलं होतं. परीक्षक खोलीत बसले. तासाभरात एकाने कोटाची बटणं लावली, दुसऱ्याने शालीची चौकशी केली, आणि कॉलेजचा कुत्रा जो आत शिरला तो दोन दिवस बाहेर यायला तयार नव्हता. पारा साडेपाच अंश खाली उतरला होता.

"कुत्र्याचं मात्र खरं आहे," वहिनी मध्येच पाहुण्यांना म्हणाल्या. सगळे हसले.

पण बाहेरून आलेले परीक्षक मोठे चिवट होते. बांधकाम पोरीने दिलेल्या रिपोर्टाबरहुकूम आहे का तेही बघू, म्हणून त्यांनी टेप मागितला. जुळत नसेल तर पास करणार नाही, असं स्पष्ट बोलले. इथे काका थांबले आणि पेलाभर पाणी प्यायले.

मग म्हणाले, टेपचं खालचं टोक धरायला मीच पुढे झालो. जमिनीला टेकवायच्या ऐवजी वीतभर वर धरलं, चेहरा मात्र देवमाणसासारखा ठेवला. शिडीवरच्या परीक्षकांनी आकडा पाहिला, रिपोर्ट पाहिला, आणि म्हणाले, बरोबर. साडेपाच अंश माझ्या विटांचे, आणि पास झाली ती माझ्या अंगठ्यामुळे.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी मान तुकवून त्या स्वीकारल्या.

"काका, खोटं," दारातून फूटपट्टी म्हणाली. तिने जवळ येऊन त्यांच्या रिकाम्या बशीत आणखी आइस्क्रीम वाढलं. "टेपचं टोक मी धरलं होतं, आणि तुम्ही वाळूच्या ढिगामागे डोळे मिटून बसला होतात. रिपोर्टात पहिल्यापासून आठ फूट नऊ इंचच होतं. झरोका वीतभर खाली काढला होता तो फक्त तुमच्या नकाशात."